वंडर वुमनचा तयार सेट: चिलखत सिनेमातलं, स्कर्ट १९४१ चा

अमेरिकी कॉमिक्समधली महानायिका वंडर वुमन हिच्या पोशाखाचा, फॅन्सी ड्रेससाठी बाजारात मिळणारा, सात-आठ वर्षांच्या मुलीच्या मापाचा बिनब्रँडचा सेट. पिशवीत झगा, लाल केप, मुकुट, मनगटपट्टे आणि बुटांवर चढवायची लाल आवरणं. लांबून झकास दिसतो. जवळून पाहिलं की कळतं, ऐंशी वर्षांतले पोशाख एकाच पिशवीत कोंबलेत.

१९४१ च्या अखेरीस ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या आठव्या अंकात वंडर वुमन अवतरली, तेव्हा चित्रकार एच. जी. पीटर यांनी तिला लाल चोळी, छातीवर सोनेरी गरुड, पांढऱ्या ताऱ्यांचा घेरदार निळा स्कर्ट आणि मधोमध पांढरी पट्टी असलेले लाल बूट दिले. स्कर्टचा घेर लवकरच आटून तंग चड्डी झाली. तिचा जादूचा दोर तर पहिल्या अंकात नव्हताच, तो १९४२ मध्ये आला. १९६८ पासून काही वर्षं तिने हा पोशाखच टाकला होता. गरुड जाऊन दुहेरी डब्ल्यू आला १९८२ मध्ये. २०१६ पासूनच्या सिनेमांत स्कर्टवरचे तारे गेले आणि ग्रीक योद्ध्यांसारख्या पट्ट्यांची झालर आली.

या सेटमध्ये वर सिनेमातल्या चिलखताची छपाई आणि खाली ताऱ्यांचा सॅटिन स्कर्ट. परीक्षक कॉमिक्स वाचणारा असेल तर गुण इथेच जातात. तेव्हा कुठलं तरी एक वर्ष धरा.

१९४१ चं रूप सोपं आणि या सेटमधून जमणारं. केप काढून ठेवा. छपाईवर सोनेरी रेक्झिनचा गरुड शिवा. बुटांची आवरणं मात्र फेकाच: तळव्याखालचं इलॅस्टिक चालताना सरकतं आणि मूल अडखळतं. त्याऐवजी गुडघ्यापर्यंतचे लाल मोजे घेऊन पुढे पांढरी पट्टी लावा. ती झिगझॅग टाक्याने, मोजा किंचित ताणून शिवायची. सरळ टाका मोजा चढवताना तुटतो.

सिनेमाचं रूप हवं असेल तर स्कर्ट उसवून नवा करावा लागतो, आणि मेहनत खरी इथे आहे. कंबर ६० सेंमी असेल तर निळ्या रेक्झिनच्या ५ सेंमी रुंद, २५ सेंमी लांब २४ पट्ट्या कापा. १२ खालच्या थरात शेजारी शेजारी, १२ वर अर्ध्या पट्टीने सरकवून, म्हणजे फटी झाकतात. रेक्झिनचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे कडा दुमडायची गरज नाही. १६ नंबरची सुई आणि ४ मिमीचा टाका ठेवा. बारीक टाक्यांनी रेक्झिनला भोकांची रांग पडते आणि ओढ बसली की पट्टी तिथेच फाटते. आत आखूड निळी लेगिंग हवीच.

मुकुट हा सेटचा सर्वांत कच्चा भाग. पातळ प्लास्टिक, मागे इलॅस्टिक. पाच मिनिटांत कपाळावरून वर चढतो. ५ मिमी फोमशीटचा नवा कापा, हेअर ड्रायरने गरम करून कपाळाच्या गोलाईवर वळवा, वर २ मिमीचा लाल तारा चिकटवा. थेट सोनेरी रंग दिला तर वाकवताच तडे जातात, कारण फोम रंग पितो. आधी पाणी घालून पातळ केलेल्या फेव्हिकॉलचे तीन हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या, मग रंग. दोन्ही टोकांना चिरा पाडून केसांच्या पिना घाला.

झग्याला खांद्याचे पट्टे नाहीत आणि सॅटिन निसरडं, त्यामुळे हात वर केला की चोळी खाली येते. दोन्ही बाजूंच्या शिवणीत आधाराला एकेक केबल टाय घाला, टोकं कात्रीने गोल करा, शिवाय १ सेंमीचे पारदर्शक पट्टे लावा. मनगटपट्टे ठीक आहेत. कॉमिक्समध्ये ते बहुतेक चंदेरी असतात, इथे सोनेरी दिलेत. रंगवले तर उत्तम.

दोर सेटमध्ये नाहीच. १९४१ धरलं असेल तर प्रश्न मिटला! एरवी ६ मिमी जाडीची ३ मीटर सोनेरी दोरी पुरते. कापण्याआधी टोकांना टेप गुंडाळा. फास सरकता नको, टाके घालून पक्का करा आणि कमरेला वेल्क्रोने अडकवा.

धुताना गार पाणी, हाताने. सोनेरी छपाईवर इस्त्री फिरवली तर ती इस्त्रीलाच चिकटते, म्हणून उलट्या बाजूने, मध्ये सुती कापड ठेवून करा.