कागद ओळखणारं फ्रेमचं दुकान, नारायण पेठ

पुण्यात फ्रेमची दुकानं गल्लोगल्ली आहेत, पण माझं इनुइट (उत्तर ध्रुवाजवळच्या मूळ रहिवाशांच्या कलेचं) प्रिंट, म्हणजे ठसाचित्र, कुणाच्याही हाती सोपवायची माझी तयारी नव्हती. नारायण पेठेतल्या या दुकानात दिलं आणि मनासारखं काम झालं, म्हणून सविस्तर लिहितेय.

प्रिंट कॅनडाच्या उत्तरेकडच्या किनगाइटचं, म्हणजे पूर्वीच्या केप डॉर्सेटचं. भाचीने टोरांटोहून आणलं. स्नोमोबाइलच्या, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या, सीटवर पंख पसरून बसलेलं घुबड. पिसं पूर्वापार पद्धतीची, एकेक ठसठशीत. गाडीचा दिवा मात्र भडक पिवळा. इनुइट कला म्हणजे वॉलरस आणि इग्लू, असं अजून कितीजणांना वाटतं! त्याच गावच्या ॲनी पुटूगुकने टीव्ही, स्वयंपाकघर, घरातली मारहाणसुद्धा रंगीत पेन्सिलींनी कागदावर आणली आणि २००६ मध्ये कॅनडाचा सोबी कला पुरस्कार मिळवला.

दुकानातल्या काकांनी कागदाची कड अलगद उचलली आणि म्हणाले, "ताई, हा जपानी कागद दिसतोय. याला फेविकॉल लावायचा नाही." मला इतका आनंद झाला की तिथेच सगळी हकिगत सांगत बसले. किनगाइटमध्ये राहिलेला कॅनडाचा चित्रकार जेम्स ह्यूस्टन १९५८ मध्ये जपानला जाऊन ठसेछपाई शिकला, १९५९ मध्ये किनगाइटचा पहिला प्रिंटसंच निघाला. तिथे झाडं नाहीत, म्हणून लाकडाऐवजी दगड कोरायचा. चित्र एकाचं, कोरणारा-छापणारा बहुधा दुसराच. शाई लावलेल्या दगडावर कागद ठेवून हाताने घासत ठसा उतरवायचा. काका हातातलं काम ठेवून ऐकत होते.

माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, कापताना बरेच जण थेट चित्राच्या कडेपर्यंत येतात. इथे खालची कोरी पट्टी पूर्ण उघडी ठेवली. पेन्सिलीने लिहिलेला २७/५० (पन्नास प्रतींतली सत्ताविसावी), इनुइट लिपीतली सही, इग्लूचा इवलासा लाल ठसा, सगळं दिसतं. प्रिंट मागच्या बोर्डला सपाट चिकटवलेलं नाही. वरच्या कडेला दोनच ठिकाणी पातळ कागदाच्या पट्ट्या, त्याही गव्हाच्या खळीने लावलेल्या. काच टेकू नये म्हणून आतून बारीक पट्टी दिली आहे. पावसाळ्यात आमच्या भिंतीला ओल येते म्हटल्यावर फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावून दिले, न मागता.

एका बाबतीत मात्र ठाम राहा. काकांना सोनेरी नक्षीची पट्टी फार आवडते. मी साधी काळी घेतली आणि घुबड काय उठून दिसतंय!

ॲसिड-फ्री बोर्ड धरून ३,८०० रुपये झाले. एवढ्या निगुतीच्या कामाला मला ते रास्त वाटले. आठवडा सांगितला होता, त्याहून बरेच दिवस जास्त लागले, आणि फोन क्वचितच उचलतात. घाईचं काम देऊ नका. दुकानासमोर गाडी लावायला जागा नाही, मोठं चित्र असेल तर रिक्षानेच जा.