तोच उतारा, बारा रविवार : मेंदूच्या 'लवचीकते'त गेलेले माझे ४०,९४० रुपये

आकडा आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवायला काही उरणार नाही. वेबिनार ९९ रुपये. 'न्यूरो मॅपिंग' १,४९९. मेंदू लवचीक करून टायपिंगचा स्पीड वाढवतो म्हणणारा नव्वद दिवसांचा कोर्स २४,९९९ सांगितला, तो हप्त्यांत २५,००२ होतो. वरचे ३ रुपये कशाचे, ते आजवर कोणी सांगितलेलं नाही. कॅप्सूलचे तीन डबे, प्रत्येकी ३,८५०. थेंबांची बाटली २,२००. हप्ता परत गेला त्याचा दंड ५९०. सगळे मिळून ४०,९४०. माझ्या हातात येणाऱ्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त.

'एवढी शिकलेली बाई आणि फसली कशी' हे मी दिरांकडून, जावेकडून आणि ऑफिसातल्या शिपायाकडूनसुद्धा ऐकून झालंय. म्हणून माझी बाजूही ऐका.

हे गेल्यावर मला अनुकंपावर लिपिकाची नोकरी लागली. वय ४२. नेमणुकीच्या आदेशातच अट होती, मराठी टायपिंग मिनिटाला ३० शब्द, ठरलेल्या मुदतीत. नाही झालं तर वेतनवाढ अडकते, पुढचं बोलायलाच नको. मी आयुष्यात फोनवर अंगठ्याने मेसेज लिहिलेले. 'kasa aahes' लिहायचं, खाली 'कसा आहेस' उमटतं. इकडे परीक्षेला रेमिंग्टन कीबोर्ड. त्यात ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर, कारण जुन्या टाइपरायटरवर तसं होतं. काही अक्षरं तर अर्धं अक्षर आणि काना जोडून तयार करायची. वीस वर्षांच्या पोरी माझ्या शेजारी बसून कटाकट मारायच्या आणि मी वेलांटी शोधत असायचे. चार महिने इन्स्टिट्यूटला जाऊन माझा स्पीड १६. सर काही बोलायचे नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

अशा अवस्थेत रात्री साडेदहाला फोनवर जाहिरात आली. 'चाळिशीनंतर बोटं नाही, मेंदू आडमुठा होतो. तो पुन्हा लवचीक करा.' माझ्या मनातलंच कोणी वाचून लिहिल्यासारखं वाक्य. दिवसभर मी फोनवर 'मराठी टायपिंग स्पीड कसा वाढवावा' हेच शोधत होते, त्यामुळे ते खरोखरच वाचलेलं होतं.

वेबिनारमधला माणूस स्वतःला डॉक्टर म्हणवत होता. कसला डॉक्टर, ते मी विचारलं नाही. तो खोटं बोलला असता तर कदाचित मी सावध झाले असते. तो खरं सांगत होता. लंडनच्या टॅक्सी ड्रायव्हरांचा अभ्यास, साल २०००, त्यांच्या मेंदूतला रस्ते लक्षात ठेवणारा भाग इतरांपेक्षा वेगळा दिसला. साल २००४ चा दुसरा, लोकांना तीन महिने तीन चेंडू आलटूनपालटून हवेत उडवून झेलायला शिकवलं आणि मेंदूचे फोटो काढले, तर काही भाग वाढलेला. दोन्ही अभ्यास खरे आहेत. माझी लेक बारावी सायन्सला आहे, तिने नंतर शोधून दाखवले. आणि तिनेच विचारलं, "आई, त्या ड्रायव्हरांनी कुठली कॅप्सूल घेतली होती?" चेंडूवाल्यांचं पुढचं अर्धंही त्या माणसाने गिळलं होतं. झेलणं बंद केल्यावर तो वाढलेला भाग पुन्हा ओसरत गेला. म्हणजे जे काही होतं ते सरावाने होतं आणि सराव सोडला की जातं. यात ३,८५० रुपयांचा डबा कुठे बसतो?

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा मी रडत होते आणि समोरचा सांगत होता की तुमचा दोष नाही.

दुसऱ्या दिवशी 'कोच'चा फोन. पोरगी गोड बोलणारी, "मॅडम, सीट फक्त चार उरल्यात." मूळ किंमत ६०,००० म्हणे, माझ्यासाठी २४,९९९. मी म्हटलं एवढे नाहीत. ती म्हणाली, "अहो भरायचे कुठे आहेत, नऊ हप्ते, शून्य व्याज." फोन चालू ठेवूनच तिने लिंक पाठवली, आधार, पॅन, सेल्फी, आणि सात मिनिटांत माझ्या नावावर कर्ज. मला वाटत होतं मी फी भरतेय. कर्ज काढतेय हे मला पहिला हप्ता कापला गेला तेव्हा कळलं. अशा कर्जाच्या कागदात सुरुवातीच्या ठरलेल्या दिवसांत बाहेर पडण्याची सोय लिहिलेली असते, 'कूलिंग ऑफ' म्हणतात, त्या दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय सुटता येतं. तो कागद मला ई-मेलवर आला होता. मी उघडला चौथ्या महिन्यात. तुम्ही त्याच रात्री उघडा.

आता तो रविवार. रोज झोप जाते ती यामुळे.

ॲपवर रोज चाळीस मिनिटं सराव आणि दर रविवारी टेस्ट. पहिल्या रविवारी उतारा होता पावसाने पिचलेल्या शेतकऱ्याचा. स्पीड आला १६. त्या उताऱ्यात 'परिस्थिती' हा शब्द 'परीस्थिती' असा चुकीचा छापलेला होता, दुसरी वेलांटी. मला शुद्धलेखनाची थोडी खोड आहे, म्हणून लक्षात राहिला. दुसऱ्या रविवारी तोच उतारा. तिसऱ्या रविवारी तोच. चौथ्या रविवारी मी स्क्रीनकडे न बघता 'परीस्थिती' मारलं, चुकीच्या वेलांटीसकट, डोळा तिथे पोहोचायच्या आधी बोट पोहोचलं. आणि मी काय केलं असेल? मी आनंदाने लेकीला हाक मारली. "बघ गं, बोटांना आपोआप कळायला लागलंय!"

तिथे कळायला हवं होतं. चौथा रविवार, सकाळचे अकरा, गॅसवर कुकर. एखाद्या पोराला रोज तोच पाढा म्हणायला लावला तर ते बाराव्या दिवशी घडाघडा म्हणणारच, म्हणून त्याला गणित आलं असं आपण म्हणतो का? मी पदवीधर आहे. मी माझ्या लेकीच्या पाठांतराला हसलेली बाई आहे. पण त्या आठवड्यात स्पीड २० दाखवला, शेजारी हिरवा बाण वर गेलेला, आणि दोन वर्षांत माझ्या आयुष्यात वर गेलेली ती पहिली गोष्ट होती. मला तो बाण हवा होता. हे समर्थन नाही. असेल तर असू दे.

मी कोचला विचारलंही होतं, उतारा बदलत का नाही. ती म्हणाली, "मॅडम, मोजमाप सारखं राहायला उतारा सारखाच हवा, सायंटिफिक आहे." ऐकायला किती बरोबर वाटतं बघा. मोजमाप सारखं राहायला हवं तर उतारा तितक्याच अवघडाचा हवा, पण नवा. हे आमच्या इन्स्टिट्यूटच्या सरांनी एका वाक्यात सांगितलं. त्यांना विचारायला मी तीन महिने गेलेच नव्हते, कारण त्यांना न सांगता दुसरीकडे शिकतेय याची लाज.

बाराव्या रविवारी ॲपवर २६. मी सरांकडे गेले. त्यांनी नवा स्पीड पॅसेज लावला. १७.

नव्वद दिवस, एक शब्द.

पुढची गंमत ऐका. कोर्सला 'पैसे परत'ची हमी होती. अट पहिली, ५० टक्के सुधारणा झाली नाही तरच. सोळाचे सव्वीस म्हणजे ६२ टक्के, त्यांच्या ॲपवर. म्हणून पैसे नाहीत. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, तो उतारा कोणाच्या आळसाने तोच राहिलेला नव्हता. तो तसा ठेवलेला होता. माझी बोटं शिकावीत म्हणून नाही, हमी कधी लागूच होऊ नये म्हणून. अट दुसरी, ९० टक्के दिवस सराव हवा. गौरी-गणपतीत पाच दिवस आणि सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सहा दिवस माझा सराव चुकला. ९० पैकी ७९ दिवस भरले, लागत होते ८१. दोन दिवस. गौरी जेवायला आलेली असताना मी ॲप उघडून बसायचं होतं म्हणे.

कॅप्सूलचं वेगळं सांगते. तिसऱ्या महिन्यात बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या, तळपायांनाही. कोचला कळवलं तर उत्तर आलं, "छान लक्षण आहे मॅडम, नवीन जोडण्या तयार होतायत." तो मेसेज मी जपून ठेवलाय. आमच्या गावातल्या डॉक्टरांनी डबा हातात घेतला, चष्मा वर केला आणि बारीक अक्षरांतली एक ओळ दाखवली : पायरिडॉक्सिन १०० मिलिग्रॅम. म्हणजे बी-६ जीवनसत्त्व. मी दिवसाला दोन घेत होते. शरीराची रोजची गरज दोन मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि जास्त मात्रेत महिनोन्महिने घेतलं तर हेच जीवनसत्त्व हातापायांच्या नसांना त्रास देतं. बोटं सुधारायला घेतलेलं औषध बोटांवरच उठलं. डॉक्टर म्हणाले बंद करा, हळूहळू कमी होईल. होतंय. डब्यावर ब्राह्मीचं हिरवंगार पान आहे आणि मागे छापलंय 'औषधी वापरासाठी नाही'. कुठलाही डबा घ्याल तर पुढचं पान बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा, आणि अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघा, तो दुसऱ्याच कोणाचा निघू शकतो.

आता तक्रारीची वारी.

पोलीस ठाण्यात तीनदा गेले, तिन्ही वेळा अर्ध्या दिवसाची रजा. पहिल्यांदा, साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्यांदा, स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रती काढून आणा, फोनमध्ये चालत नाही. ४६ पानं, दहा रुपयांना एक, ४६० रुपये, जे मी वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. तिसऱ्यांदा साहेब भेटले. "ओटीपी दिला होता का कोणाला?" नाही. "मग सायबर नाही. माल मिळाला? क्लास मिळाला? पैसे तुम्हीच दिले? अहो ताई, मग ही फसवणूक नाही, हा व्यवहार झाला." शेजारचे हवालदार इतका वेळ डबा उलटसुलट करून बघत होते. मी उठल्यावर हळूच विचारतात, "पण गुण येतो का हो याला? पोरगा दहावीला आहे." त्या क्षणी मला हसावं की डबा फेकून मारावा कळेना.

मग अन्न-औषधाचं ऑफिस, एसटीने दोन तास. खालच्या टेबलावर सांगितलं, हे औषध नाही, पूरक आहार आहे, अन्नवाल्यांकडे वर जा. वर म्हणाले, कॅप्सूल आहे म्हणजे खाली जा. मी म्हटलं, तेच वर पाठवतायत. मग म्हणाले, नमुना सीलबंद आणा. बाई, मी तो नव्वद दिवस खाल्लाय! सीलबंद आणायचा तर ३,८५० चा चौथा डबा त्याच लोकांकडून विकत घ्यायचा? तिथल्या माणसाला यात काहीच विचित्र वाटलं नाही. जेवणाची वेळ झाली होती, तो उठून गेला. मी बाहेरच्या बाकावर बसून वडापाव खाल्ला आणि परतीची गाडी धरली.

कर्जवाली कंपनी तर हिंदीतच बोलते आणि एकच बोलते, हम सिर्फ फायनान्सर हैं. कोर्सबद्दल तक्रार आहे ना, मग त्यांच्याशी बोला, हप्ता थांबणार नाही. ऑक्टोबरात मी रागाने खातं रिकामं ठेवलं. हप्ता परत गेला, बँकेने ५९० कापले आणि सिबिल खराब होईल असे दिवसाला सात-आठ फोन, एक तर ऑफिसच्या लँडलाइनवर. सगळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी भरला. असल्या कंपनीला तक्रार लेखीच द्या, ई-मेलने. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फुकट. मी आधीचे दोन महिने फोनवर भांडण्यात घालवले, त्याची कुठे नोंदच नाही.

ग्राहक आयोगाचंही कोणी धड सांगत नाही. एका वकिलाने नुसता अर्ज करायचे ८,००० मागितले. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि वकील सक्तीचा नाही, हे मला लेकीने वाचून सांगितलं. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, आता अर्ज मीच टाइप करतेय. रेमिंग्टनवर. तोच माझा सराव.

लेकीने आणखी एक काढून दाखवलं. अमेरिकेत मेंदूच्या खेळांच्या ल्युमॉसिटी ॲपला तिथल्या व्यापार आयोगाने २०१६ साली २० लाख डॉलर भरायला लावले, पुराव्याशिवाय मोठमोठे दावे केले म्हणून. आमच्या ठाण्यात हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, मग अमेरिकेत जा.

सरांकडे पुन्हा जातेय. फी महिन्याला ६००. ते कीबोर्डवर फडकं टाकतात, सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस, रोज नवा पॅसेज, आणि रात्री जागून सराव केलेला त्यांना चालत नाही. फोनवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणं बंद करायला लावलंय. गेल्या शनिवारी २१ आला. बाण नाही, काही नाही, वहीत पेन्सिलने लिहिलेला २१. 'परिस्थिती' मात्र अजून दर वेळी चुकतो. बोट दुसऱ्याच वेलांटीवर जातं, थांबवेपर्यंत उमटलेलं असतं. सर विचारतात, हा एकच शब्द का? मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

५ डिसेंबरला सहावा हप्ता. २,७७८ खात्यात वेगळे ठेवलेत, नाहीतर पुन्हा ५९०.