'डाउट' की 'स्पॉटलाइट': आधी कोणता बघावा?

कॅथलिक चर्च, लहान मुलं आणि पाद्र्यांवरचा लैंगिक अत्याचाराचा संशय. विषय तोच, पण दोन्ही सिनेमे एकाच संध्याकाळी उरकायचा बेत असेल तर तो रद्द करा.

'स्पॉटलाइट' (2015) मध्ये गुन्हा घडलाय का, हा प्रश्नच नाही. तो कोणी दाबला, एवढंच शोधायचं आहे. 'बोस्टन ग्लोब'चे पत्रकार 2001 मध्ये जुनी प्रकरणं उकरून काढतात. चर्चच्या वार्षिक डिरेक्टऱ्या पट्टी धरून ओळीओळीने तपासतात, 'आजारपणाची रजा'छाप नोंदी असलेले पाद्री बाजूला काढतात आणि यादी 87 नावांवर जाते. ऐकायला रटाळ, पण बघताना जागचं हलवत नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

'डाउट' (2008) मध्ये पुराव्याच्या नावाने कागदाचा चिटोराही नाही. साल 1964, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली शाळा. मुख्याध्यापिका सिस्टर अलोयशियसना (मेरिल स्ट्रीप) मुलांच्या हातात बॉलपेनसुद्धा खपत नाही. फादर फ्लिन (फिलिप सेमूर हॉफमन) मात्र मुलांचे लाडके. शाळेतला एकमेव कृष्णवर्णीय मुलगा फादरांना भेटून परत आला तेव्हा त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता, असं तरुण सिस्टर जेम्स (एमी अ‍ॅडम्स) चाचरत सांगते. झालं, पाल चुकचुकली.

मग तो चहाचा प्रसंग. बोलावणं नाताळच्या कार्यक्रमाचं निमित्त करून. फादर येऊन सरळ बाईंच्याच खुर्चीत बसतात. साखर टेबलाच्या खणात, लेंटच्या उपवासात ठेवून दिली ती तिथेच राहिलेली. किती घालू? तीन खडे! बाईंचा चेहरा बघा. आरोपाचा शब्दही निघालेला नाही, पण खटला उभा राहिलाय. पुढे मुलाची आई (व्हायोला डेव्हिस) एकाच लांब प्रसंगात येते, शाळेचं वर्ष संपेपर्यंत, म्हणजे जूनपर्यंत निभावू द्या म्हणते आणि आपण कोणाच्या बाजूचे होतो तेच कळेनासं होतं.

खोट नाही असं नाही. पुलित्झर मिळवलेल्या आपल्याच नाटकावर जॉन पॅट्रिक शॅनली यांनी तो बेतलाय आणि दिग्दर्शनात हात जरा जड पडलाय. तिरपा कॅमेरा, सोसाट्याचा वारा, नेमके मोक्याला उडणारे बल्ब. अहो, कळलं आम्हाला!

शेवटी सगळा छडा लागलेला हवा असेल तर 'स्पॉटलाइट', दोन तासांहून थोडा जास्त. संवादांची जुगलबंदी आवडत असेल आणि सोबत वाद घालणारं कोणी असेल तर 'डाउट', पावणेदोन तासांत आटोपतो. माझं मत 'डाउट'ला.

दोन्ही बघणार असाल तरी 'डाउट' आधी. 'स्पॉटलाइट' पाहून झाल्यावर फादर फ्लिननी तोंड उघडण्याआधीच तुम्ही त्यांना दोषी ठरवून मोकळे व्हाल आणि मग त्या चहात बघण्यासारखं काही उरणार नाही.