दुकानाच्या पीसीवर रोज ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ की फोल्डरला परमिशन?

विंडोजवर जुनं बिलिंग सॉफ्टवेअर ॲडमिनशिवाय चालत नाही आणि काउंटरवरच्या पोराला पासवर्ड तर द्यायचा नाहीये, अशी अडचण असेल तर पर्याय चार-पाच आहेत, पण सगळे एका लायकीचे नाहीत.

राइट क्लिक करून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर हे सगळ्यात सोपं. महिन्यातून एकदा अपडेट टाकायचाय तर हेच करा, पुढचं वाचूही नका. रोजच्याला मात्र वैताग, कारण काउंटरचं अकाउंट स्टँडर्ड, म्हणजे ॲडमिनचे हक्क नसलेलं, असेल तर पासवर्ड टाकल्यावर प्रोग्रॅम त्या ॲडमिनच्या नावाने चालतो, म्हणजे पोराने डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह केलेलं बिल तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये जातं आणि तो बिचारा आपल्याकडे शोधत बसतो. वर एक्स्प्लोररमधून फाइल ओढून त्यात टाकता येत नाही, नेटवर्क ड्राइव्हही बरेचदा गायब. प्रॉपर्टीजमधल्या कंपॅटिबिलिटीत ‘ॲडमिन म्हणून चालव’ची कायमची टिक मारली तरी राइट क्लिक तेवढा वाचतो, यूएसीची, म्हणजे ॲडमिनची परवानगी विचारणारी, खिडकी येतेच.

टास्क शेड्युलरमध्ये (ठरवून दिलेली कामं चालवणारं विंडोजचं टूल) प्रोग्रॅमचं टास्क बनवून, त्याला हायेस्ट प्रिव्हिलेजेसची, म्हणजे ॲडमिनच्या हक्कांची, टिक लावून शॉर्टकट केला की ती खिडकी येत नाही. घरी तुमचं एकट्याचं मशीन असेल तर मस्त. दुकानात नको, कारण ॲडमिनने उघडलेल्या प्रोग्रॅमच्या फाइल ओपनच्या खिडकीतूनच कमांड प्रॉम्प्ट (विंडोजला टाइप करून हुकूम द्यायची खिडकी) उघडता येतो आणि तोही ॲडमिनचाच असतो.

यूएसीच बंद करायचं? २००७ च्या व्हिस्टात ते इतकं छळायचं की लोक बंद करायचेच, पण विंडोज ७ पासून कमी-जास्त करायचा स्लायडर आलाय, आता सबब नाही.

माझं मत फोल्डरला. असले प्रोग्रॅम ॲडमिन मागतात ते बहुतेक वेळा एवढ्याचसाठी की ते आपला डेटा प्रोग्रॅम फाइल्समध्येच लिहितात आणि तिथे साध्या युजरला लिहायची मुभा नसते. मग फक्त डेटाच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, आणि युजर्सना मॉडिफाय. प्रोग्रॅमच्या अख्ख्या फोल्डरला देऊ नका हां, नाहीतर प्रोग्रॅमची मुख्य ईएक्सई फाइलच कोणी बदलून ठेवेल आणि उद्या तुम्ही ती ॲडमिन म्हणून उघडाल. ड्रायव्हर किंवा डिस्क पार्टिशनवाल्या टूलला हा उपाय चालणार नाही, त्यांना खरंच ॲडमिन लागतो.

मावसभावाच्या दुकानात कोणीतरी मध्येच ॲडमिनची टिक लावली आणि महिन्याभराची बिलं गायब! तोपर्यंत विंडोज गुपचूप सगळं प्रोग्रॅम फाइल्सऐवजी युजरच्या ॲपडेटातल्या लोकलमधल्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये लिहीत होतं, ॲडमिन झाल्यावर प्रोग्रॅम खरी, म्हणजे जुनी फाइल उघडायला लागला. त्यामुळे टिक लावा किंवा काढा, आधी दोन्हीकडच्या डेटाची पेनड्राइव्हवर कॉपी घ्या.