फोंड्यातील ज्येष्ठांचे दिवस-केंद्र : सात महिन्यांचा अनुभव

माझ्या ८१ वर्षांच्या सासूबाई गेले सात महिने फोंड्यातील एका ज्येष्ठांच्या दिवस-केंद्रात जातात. उणिवाही लिहायच्या असल्याने केंद्राचे नाव देत नाही. मी पणजीत बँकेत अधिकारी आहे, यजमान कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत आणि मुलगी पुण्यात शिकते. त्यामुळे दिवसभर घरी कोणी नसते.

आधी जमेची बाजू. रोज रक्तदाब मोजून वहीत लिहितात, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट येतात, अकराच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज मिळते आणि ती खरोखरच गरम असते. सासूबाई पूर्वी प्राथमिक शिक्षिका होत्या. सेविकांच्या वहीतले ऱ्हस्व-दीर्घ त्या लाल पेनाने सुधारतात आणि तिथल्या सिस्टर त्यांना ते करू देतात. पावतीवर याचा आकार लावलेला नसतो, पण सासूबाई सकाळी स्वतःहून चपला घालून दारात उभ्या राहतात त्या बहुधा याचसाठी.

शाळेची नोकरी त्यांनी १९७४ साली सोडली, कारण त्यांच्या सासूला अर्धांगवायूचा झटका आला. घरात दोन कमावते दीर होते. त्यांच्यापैकी कोणी रजा घ्यावी असा विषयही निघाला नव्हता, हे त्या आजही कसलीही तक्रार नसल्यासारखे सांगतात.

म्हणूनच अशा केंद्राकडे केवळ वृद्धांची सोय म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. घरातल्या शिकलेल्या बाईची नोकरी टिकते की नाही, याही मापाने ते मोजले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्यांचे प्रमाण देशात ८.६ टक्के, तर गोव्यात ११.२ टक्के होते; २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात येथील जननदर बाईमागे सरासरी १.३ मुले इतका निघाला. म्हणजे म्हातारी माणसे वाढणार, त्यांना पाहणारी मुले कमी होणार, आणि पाहण्याचे काम रीतीप्रमाणे लेकी-सुनांकडेच येणार. जपानने २००० सालीच दीर्घकालीन शुश्रूषेचा सार्वजनिक विमा सुरू केला, ज्याचा हप्ता चाळिशीपासून भरावा लागतो. तिथे दिवस-केंद्राची गाडी म्हाताऱ्यांना घरून नेते आणि परत आणून सोडते. तरीही घरच्यांच्या शुश्रूषेपायी तिथे वर्षाला सुमारे एक लाख लोक नोकरी सोडतात आणि त्यांत बायकाच जास्त असतात. नुसते केंद्र उघडून भागत नाही; ते कोणाच्या घड्याळाप्रमाणे चालते, यावर बरेच अवलंबून असते.

आणि नेमके इथेच आमचे केंद्र कमी पडते. ते सकाळी नऊला उघडते आणि संध्याकाळी पाचला बंद होते. मी पणजीहून कदंबच्या बसने फोंड्याला पोहोचेपर्यंत सात वाजतात, त्यामुळे मधल्या दोन तासांसाठी शेजारच्या मुलीला वेगळे पैसे देऊन घरी बसवावे लागते. बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, केंद्र मात्र प्रत्येक शनिवारी बंद. याबद्दल विचारले तेव्हा व्यवस्थापकांनी सहजपणे सांगितले, “शनिवारी सुना घरीच असतात ना!” प्रवेश अर्जावर संपर्कासाठी यजमानांचा क्रमांक पहिला आहे आणि कुंडई तिथून जवळ आहे, तरी सासूबाईंना जरा कणकण आली की फोन पणजीला, मलाच येतो. एकदा तर रोख मोजणी चालू असताना लागोपाठ तीनदा आला, आणि कारण काय, तर त्यांच्या चष्म्याचे घर सापडत नव्हते. अठरा जणांत कमोड एकच आहे, हीसुद्धा गैरसोयच.

महिन्याला नऊ हजार रुपये शुल्क आहे. मिळणारी माया पाहता ते मला जड वाटत नाही आणि पुढच्या सहा महिन्यांचे पैसे मी भरले आहेत. सोबत संध्याकाळी सातपर्यंतची वेळ आणि पहिला व तिसरा शनिवार मागणारा लेखी अर्जही दिला आहे. त्यावर बारा सह्या आहेत. त्यांपैकी पुरुषाची एकच, माझ्या यजमानांची, आणि तीही मी दोनदा आठवण केल्यावर मिळालेली.