रोजच्या फोंडा-पणजीला जुनी टीटी की आरएस?
मावसभाऊ दोन सेकंडहँड गाड्यांत अडकलाय, 2015 नंतरची ऑडी टीटी की 2017 ची स्कोडा ऑक्टाविया आरएस. इंजिन दोन्हीकडे 2 लिटर टर्बो, साधारण 230 एचपी, त्यावर भांडायलाच नको. टीटीला क्वाट्रो आहे, म्हणजे चारही चाकांना ताकद, पावसात बेळगावला जाताना चोर्ला घाटात मजा वेगळीच, पण मागची सीट नावापुरती नि डिकी 305 लिटर, चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळं-पानांचं सामान आणि आई-बाबा एकदम मावणार कुठे? आरएसला चार दरवाजे, डिकी 590 लिटर. पार्ट्स टीटीचे महाग. स्पीडब्रेकरला दोन्ही जपूनच. कुठलीही बघ, खाऱ्या हवेतली असेल तर लिफ्टवर चढवून गंज बघ, बाहेरच्या राज्यातली असेल तर एनओसी (आरटीओचं ना-हरकत पत्र) नि रोड टॅक्स धरूनच भाव कर. घरात दुसरी गाडी असेल तर टीटी घे रे, एकच असेल तर आरएस.