द्राक्षांचा बेदाणा की वाइन?

सोलापूर जिल्ह्यात द्राक्षांना दोन्ही वाटा आहेत. पंढरपूरकडे बेदाणा, अकलूजजवळ मोटेवाडीला वाइन.

बेदाण्याला थॉमसनसारखी बिनबियांची, पातळ सालीची द्राक्षं. डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवायची, म्हणजे लवकर सुकतात; शेडमधल्या जाळीवर पसरायची; बाकी काम आपली कोरडी हवा करते. साधारण चार किलोंतून एक किलो माल पडतो.

वाइनला मात्र बारीक, बियांची, जाड सालीची द्राक्षं लागतात. यीस्ट त्यातली साखर खाऊन अल्कोहोल करतं. गंमत रंगाची! बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस फिकाच असतो. सालीसकट आंबवला तर रेड वाइन. साल लगेच वेगळी केली, तर त्याच घडांची व्हाइट. फ्रान्समधल्या शॅम्पेनमध्ये पिनो न्वार जातीची काळी द्राक्षं अशीच वापरतात.

टाक्या, कूलिंग, परवाना बघता छोट्या बागायतदारानं बेदाणाच धरावा. फक्त शेडवर अवकाळी येऊ नये.